मराठी फाइल दुसरीकडे उघडली की बिघडते: लिब्रेऑफिसमधलं नेहमीचं दुखणं आणि त्याचा कायमचा बंदोबस्त

"ताई, घरी बरोबर दिसत होतं हो." हे वाक्य माझ्या दुकानात रोज ऐकू येतं. पेनड्राइव्ह लावावा, फाइल उघडावी, तर चौदा पॉइंटातली मराठी बारीक झालेली, मथळ्यांचा ठळकपणा उडालेला आणि मधले इंग्रजी शब्द मात्र जसेच्या तसे. कधी अक्षरं ठीक असतात, पण सहा पानांची नोटीस सात पानांची होते. कधी सगळा मजकूरच इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन समोर येतो. माणूस फाइल घरी नेऊन नीट करून आणतो आणि पुढच्या महिन्यात तीच फाइल पुन्हा बिघडते.

मी ठाण्याला नौपाड्यात टायपिंग आणि प्रिंटिंगचं छोटं दुकान चालवते. दुकानातले तिन्ही कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर, म्हणजे वर्डसारखंच काम करणाऱ्या एका फुकट आणि मुक्त कार्यक्रमावर आहेत. वर्षभर काम संथ असतं, पण सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते. त्यामुळे ऑगस्टअखेरपासून पंधरा-वीस दिवस परिसरातल्या सगळ्या सोसायट्यांचे अहवाल एकदम येतात. त्यातच गणपती, म्हणजे मंडळांच्या पावत्या आणि जमाखर्चही आलेच. या दिवसांत बिघडलेली फाइल दुरुस्त करायला कुणाकडेच वेळ नसतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत माझ्या हातून एक चूक झाली. जवळच्या एका सोसायटीचा बारा पानी अहवाल, ८४ प्रती. सेक्रेटरी काकांनी अर्धा घरच्या कॉम्प्युटरवर वर्डमध्ये टाइप केला होता आणि अर्धा मोबाइलवर. मी फाइल उघडली, पहिलं पान पाहिलं, ठीक वाटलं आणि प्रिंट सोडली. अनुक्रमणिकेत ताळेबंद पान ७ वर होता, छापून आला पान ९ वर. मथळे साध्या अक्षरात आले आणि शेवटच्या पानावर फक्त सह्यांच्या ओळी राहिल्या. काकांनी एक शब्द वावगा काढला नाही, "उद्या वाटायच्या आहेत गं, सुधारून दे" एवढंच म्हणाले. सगळ्या प्रती पुन्हा छापल्या, आधीच्या प्रतींचे पैसे घेतले नाहीत. त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी ती फाइल आतून उघडून पाहिली. तिथे जे सापडलं आणि त्यानंतर वर्षभर जे लावून पाहिलं, ते इथे लिहिते आहे.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा

वरून सारखी दिसणारी तीन दुखणी आहेत आणि तिन्हींची औषधं वेगळी. ओळखायला मिनिटसुद्धा लागत नाही.

बिघडलेल्या मराठी शब्दावर क्लिक करा आणि वरच्या पट्टीत फॉन्टच्या नावाकडे बघा. नाव तिरप्या अक्षरात दिसत असेल, तर तो फॉन्ट या कॉम्प्युटरवर नाही आणि लिब्रेऑफिसने त्याच्या जागी दुसरा वापरला आहे. फॉन्टचं नाव सरळ आहे, पण आकार किंवा ठळकपणा चुकला आहे, तर गडबड कप्प्यांची आहे. कप्पे म्हणजे काय ते लगेच सांगते. आणि तो शब्द निवडून त्याला मुक्ता किंवा नोटोसारखा फॉन्ट लावला की इंग्रजी अक्षरं दिसायला लागली, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना सारख्याच समजणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाहीच. मग कुठलंही सेटिंग बदलून उपयोग नाही.

काकांच्या फाइलीत पहिली दोन दुखणी एकत्र होती. म्हणून एक दुरुस्त केलं तरी फाइल बिघडलेलीच दिसायची.

एका परिच्छेदाला तीन फॉन्ट असतात

सगळ्यात जास्त वेळ खाणारी आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याला वाटतं, परिच्छेदाला एक फॉन्ट आणि एक आकार असतो. लिब्रेऑफिसच्या हिशेबी तीन असतात. पहिला कप्पा 'वेस्टर्न', म्हणजे इंग्रजी आणि युरोपातल्या लिप्या. दुसरा 'एशियन', म्हणजे चिनी, जपानी, कोरियन. तिसरा 'कॉम्प्लेक्स', म्हणजे ज्या लिप्यांत अक्षरं एकमेकांना जोडली जातात, जागा बदलतात किंवा उजवीकडून डावीकडे चालतात. देवनागरी, तमिळ, थाई, अरबी, हिब्रू या सगळ्या त्यात येतात. मराठी आशियातली भाषा, म्हणून लोक 'एशियन'मध्ये जाऊन फॉन्ट बदलतात आणि काहीच घडलं नाही म्हणून वैतागतात. मराठीचा कप्पा तिसरा.

प्रत्येक कप्प्याचा फॉन्ट वेगळा, आकार वेगळा, ठळकपणा वेगळा, भाषाही वेगळी. नुसती मराठी ओळ निवडून वरच्या पट्टीत आकार १४ केला, तर १४ फक्त तिसऱ्या कप्प्यात जातो. स्टाइल, म्हणजे मांडणीचा ठरवून ठेवलेला साचा, उघडून समोरच्या 'वेस्टर्न' भागात १४ लिहिला, तर तो पहिल्या कप्प्यात जातो आणि मराठी जिथल्या तिथे राहते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक प्रयोग करा. ओडीटी, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या स्वरूपातल्या, फाइलची एक प्रत काढा आणि तिच्या नावातलं शेवटचं ओडीटी खोडून झिप लिहा. विंडोजने नाव बदलण्याबद्दल इशारा दिला तर हो म्हणा. आता ती साध्या झिपसारखी उघडते, कारण ओडीटी ही मुळात झिपच आहे. आत कंटेंट नावाच्या एक्सएमएल फाइलीत तुमचा मजकूर असतो, स्टाइल्स नावाच्या फाइलीत मांडणी असते. स्टाइल्सची फाइल ब्राउझरमध्ये उघडा. काकांच्या अहवालाची मी ओडीटीत प्रत केली होती, त्यात मथळ्याच्या स्टाइलपाशी मला हे दिसलं: फॉन्ट-वेट बोल्ड, आणि तिथून थोडं पुढे, फॉन्ट-वेट-कॉम्प्लेक्स नॉर्मल. ठळकपणा होता, पण मथळ्यात एकही अक्षर नसलेल्या इंग्रजीच्या कप्प्यात. मराठीला कुणी ठळक व्हायला सांगितलंच नव्हतं. पोटातला मजकूर पाहिला तर तिथेही असंच, फॉन्ट-साइझ १४ आणि फॉन्ट-साइझ-कॉम्प्लेक्स १२.

वर्डच्या डॉकएक्स फाइलीतही हाच प्रकार आहे. तीही झिपच असते, तिच्यातही कॉम्प्लेक्स लिपीचा आकार आणि ठळकपणा वेगळा लिहिलेला असतो. फरक इतकाच की तिथे आकार अर्ध्या पॉइंटात मोजतात, १४ पॉइंट म्हणजे २८. काही मोबाइल ॲप आणि ऑनलाइन कन्व्हर्टर फक्त पहिला कप्पा भरतात. ज्या कार्यक्रमात ती फाइल बनली, तिथे सगळं नीट दिसतं. लिब्रेऑफिस मात्र रिकामा कप्पा रिकामाच समजतं आणि मराठीला मूळचा आकार देतं. काकांच्या मोबाइलवर बरोबर आणि माझ्याकडे चूक दिसण्याचं कारण हे.

झिप उघडायची नसेल तर लिब्रेऑफिस ७.१ पासून बाजूच्या पट्टीत 'स्टाइल इन्स्पेक्टर' मिळतो. मराठी शब्दावर कर्सर ठेवून त्यात 'कॉम्प्लेक्स' हा शब्द असलेल्या ओळी शोधल्या की कुठल्या कप्प्यात काय आहे ते कळतं. रोजच्या कामाला मी हेच वापरते.

आता दुरुस्ती. टूल्स मेनूत ऑप्शन्स उघडा आणि भाषांच्या विभागात जा. नव्या आवृत्तीत त्याचं नाव 'लँग्वेजेस अँड लोकॅल्स', जुन्यात 'लँग्वेज सेटिंग्ज'. तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'समोर टिकचा चौकोन दिसला तर टिक करा आणि भाषा मराठी निवडा. हिंदी नको, त्याचं कारण पुढे येईलच. मग त्याच ऑप्शन्समध्ये 'लिब्रेऑफिस रायटर'खाली 'बेसिक फॉन्ट्स'मध्ये सीटीएलचे फॉन्ट ठरवा. सीटीएल म्हणजे हाच तिसरा कप्पा. इथे ठरवलेलं नव्या फाइलींना लागू होतं.

हाताशी असलेल्या जुन्या फाइलीसाठी एफ ११ दाबा, स्टाइल्सची पट्टी उघडेल. 'डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल'वर उजवं क्लिक करून एडिट घ्या. फॉन्टच्या पानावर 'वेस्टर्न' आणि 'सीटीएल' दोन्ही भागांत तोच आकार भरा. मथळ्यांच्या स्टाइलमध्येही तेच, आणि तिथे दोन्हीकडे बोल्ड. बाकीच्या स्टाइल या डिफॉल्टच्याच लेकी असल्यामुळे बरंचसं काम एका ठिकाणी उरकतं.

तरीही काही ओळी हट्टाने बारीक राहिल्या, तर त्या ओळींवर कुणीतरी हाताने आकार लावलेला आहे. तो स्टाइलच्या वर बसतो. ओळी निवडून कंट्रोल-एम दाबला की हाताने केलेली मांडणी पुसली जाते. मात्र त्यात मजकुरातला मुद्दाम केलेला ठळकपणाही जातो, म्हणून अख्खी फाइल निवडून हे करू नका. मी परिच्छेद-परिच्छेद करत जाते.

फॉन्टच नसेल तेव्हा

तिरप्या नावाचं दुखणं सोपं आहे, पण ते नेहमी चुकीच्या माथी मारलं जातं. सर्वांत जास्त फाइली मंगल फॉन्टात येतात. विंडोज १० पासून मंगल मूळ इन्स्टॉलेशनमध्ये नसतो. मराठी किंवा हिंदी कीबोर्ड जोडला की तो येतो, नाहीतर सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरीचे पूरक फॉन्ट म्हणून वेगळा घ्यावा लागतो. कोकिळा, उत्साह, अपराजिता हेही त्याच गठ्ठ्यात. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन विंडोज कॉम्प्युटरांवर एकीकडे मंगल आहे आणि दुसरीकडे नाही असं सर्रास असतं. लिनक्सवर त्याच्या जागी लोहित देवनागरीसारखा दुसरा फॉन्ट येतो. लोक म्हणतात, लिब्रेऑफिसने फाइल बिघडवली. लिब्रेऑफिसने फक्त नसलेल्या फॉन्टच्या जागी असलेला वापरला.

इंग्रजीसाठी याची सोय करून ठेवलेली आहे. लिब्रेऑफिससोबत कार्लितो आणि कॅलाडिया हे फॉन्ट येतात. कार्लितोची अक्षरं कॅलिब्रीइतक्याच रुंदीची आणि कॅलाडियाची कँब्रियाइतकी. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन फॉन्ट तसेच. त्यामुळे इंग्रजी पत्र जागचं हलत नाही. मंगलला असा जोडीदार लिब्रेऑफिससोबत मिळत नाही.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. मराठी कामासाठी मुक्त परवान्याचा एकच फॉन्ट धरा आणि घरी, ऑफिसात, छापायच्या ठिकाणी तोच बसवा. नोटो सान्स देवनागरी आणि मुक्ता हे दोन्ही मी वापरते. मुक्ता तर आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप'चा, आणि त्याची सात वजनं मिळतात. हे फॉन्ट फुकट आहेत, कुणालाही देता येतात आणि विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतात. टिरो देवनागरी मराठी हा पुस्तकी वळणाचा फॉन्ट फार देखणा आहे, पण त्यात फक्त साधा आणि तिरपा असे दोनच प्रकार आहेत. ठळक केला की कॉम्प्युटर स्वतःच अक्षरं फुगवतो आणि लहान आकारात जोडाक्षरांच्या फटी बुजतात. मथळ्यांना तो नको.

फॉन्ट बसवल्यावर लिब्रेऑफिसच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा. फाइल अशा ठिकाणी जाणार असेल जिथे फॉन्ट बसवता येत नाही, तर फाइल मेनूत प्रॉपर्टीज, त्यात 'फॉन्ट' टॅब आणि 'एम्बेड फॉन्ट्स इन डॉक्युमेंट'वर टिक. फक्त वापरलेलेच फॉन्ट भरायचा पर्यायही तिथेच आहे, तो घ्या, नाहीतर फाइल उगाच फुगते.

पानं सरकतात ती वेलांट्यांमुळे

फॉन्ट बदलला की अक्षरांची रुंदी बदलते हे लक्षात येतं, पण पानं वाढतात ती बहुतेक उंचीमुळे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार बसायला जागा लागते आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. ही जागा किती ठेवायची ते प्रत्येक फॉन्ट स्वतः ठरवतो. 'सिंगल' ओळ-अंतर म्हणजे 'फॉन्ट म्हणेल तेवढं'. एका फॉन्टात पानावर ३६ ओळी बसत असतील, तर दुसऱ्यात ३१. काकांचा ताळेबंद सातवरून नऊवर गेला तो असा.

यावर उपाय म्हणजे परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये ओळ-अंतर 'फिक्स्ड' करणं. बारा पॉइंटाच्या मुक्तासाठी मी २० पॉइंट ठेवते. मग फॉन्ट बदलला तरी पानावरच्या ओळी तेवढ्याच राहतात. कागद वाचवायला हा आकडा फार खाली आणू नका. अंतर कमी पडलं तर वरचे रफार आणि वेलांट्या कापल्या जातात, आणि ते पडद्यापेक्षा कागदावर जास्त दिसतं. पानाचा आकारही बघा. मोबाइलवर बनलेल्या फाइली बरेचदा लेटर आकाराच्या असतात, आपण छापतो ए फोरवर.

अनुक्रमणिकेतले पानाचे आकडे हाताने टाइप करू नका. मथळ्यांना हेडिंग स्टाइल लावली असेल तर इन्सर्ट मेनूतून अनुक्रमणिका आपोआप बनते. छापण्याआधी तिच्यावर उजवं क्लिक करून अपडेट केलं की झालं.

चिवडा झालेली फाइल

आता तिसरं दुखणं. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधीचे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारखे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की उरतो चिवडा. आणि लिब्रेऑफिस तो इंग्रजी समजतं, म्हणून त्यावर इंग्रजीचे नियम चालवतं. ऑटोकरेक्ट वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं आणि तुमचं मराठी अक्षर बदलून दुसरंच होतं. अवतरण चिन्ह वळवतं आणि तिथेही भलताच आकार उमटतो. जुन्या फॉन्टात टाइप करताना मधलीच अक्षरं का बदलतात, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. अशी फाइल निस्तरायची असेल तेवढ्यापुरतं टूल्समधलं ऑटोकरेक्ट बंद ठेवा.

पण खरा उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणं. त्या-त्या फॉन्टचे कन्व्हर्टर मिळतात. रूपांतरानंतर डोळ्यांत तेल घालून तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. ऱ्हस्व वेलांटी बघा, कारण जुन्या पद्धतीत ती व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफार बघा, त्याचीही जागा अशीच उलटसुलट होते. आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड' यांतला अर्धा र बघा. युनिकोडमध्ये यासाठी ऱ हे वेगळं अक्षर आहे आणि त्याला हलंत लावून पुढचं अक्षर जोडायचं असतं. काही कन्व्हर्टर साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून तोच आकार काढतात. कागदावर फरक दिसत नाही, पण फाइलीत 'दुसऱ्या' शोधलं तर अर्धेच सापडतात. मी फाइंड अँड रिप्लेसने ते सगळे एकदाच बदलून घेते.

ल आणि श

हा बिघाड नाही, पण चोखंदळ ग्राहक यावर अडतात, आणि अडावंच. मराठीत आपण पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितो. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हीच रूपं प्रमाण मानली. नोटोसारख्या फॉन्टात ही मराठी रूपं भरलेली आहेत, पण मजकुराची भाषा 'मराठी' असेल तरच ती बाहेर येतात. भाषा 'हिंदी' असेल तर त्याच फॉन्टात हिंदी वळणाचे ल-श दिसतात. फाइलीत काही पानं एका वळणाची आणि काही दुसऱ्या वळणाची दिसली तर फॉन्ट बदलत बसू नका. टूल्समध्ये लँग्वेज, त्यात 'फॉर ऑल टेक्स्ट' आणि मराठी.

फाइल कुणाला कशी द्यायची

वरचं सगळं केलं तरी दर वेळी तेच करत बसायचं नसेल, तर दोन गोष्टी लावून घ्या.

पहिली, टेम्प्लेट. एक कोरी फाइल घ्या, दोन्ही कप्प्यांत फॉन्ट आणि आकार, भाषा मराठी, ओळ-अंतर फिक्स्ड, कागद ए फोर, हेडिंगच्या स्टाइल, सगळं नीट लावा. मग फाइल मेनूत टेम्प्लेट्स, 'सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट' आणि तिथेच डिफॉल्ट करण्याची टिक. यापुढे प्रत्येक नवी फाइल अशीच उघडेल. दुसऱ्याची बिघडलेली फाइल आली तर त्यातला मजकूर कॉपी करून या कोऱ्या फाइलीत कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही ने पेस्ट करा, जुनी मांडणी सोबत येत नाही. लहान नोटिशीसाठी मी आता दुरुस्तीच्या भानगडीत न पडता हेच करते.

दुसरी, मूळ प्रत ओडीटीतच ठेवा. डॉकएक्स लिब्रेऑफिसमध्ये उघडून डॉकएक्समध्येच सेव्ह, मग वर्डमध्ये, मग पुन्हा इकडे, अशा दर फेरीत थोडं थोडं भाषांतर होतं आणि थोडं थोडं गळतं. सेव्ह करताना लिब्रेऑफिस कुठलं स्वरूप ठेवायचं ते विचारतं, तेव्हा कंटाळून चुकीचं बटण दाबू नका.

ओडीटी ज्या ओपन डॉक्युमेंट फॉरमॅटचा (ओडीएफ) भाग आहे, तो २००५ मध्ये ओएसिस या संस्थेचा आणि २००६ मध्ये आयएसओचा मानक झाला. त्याचे नियम छापील आहेत, कुणालाही वाचता येतात, कुणालाही त्यावर नवा कार्यक्रम लिहिता येतो. आपल्या केंद्र सरकारनेही नोव्हेंबर २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण आणलं. ओपनऑफिसचं भवितव्य अधांतरी वाटल्यावर २०१० मध्ये त्याचे कार्यकर्ते बाहेर पडले आणि लिब्रेऑफिस सुरू झालं, तेव्हा कार्यक्रम बदलला, पण लोकांच्या फाइली होत्या तशाच उघडत राहिल्या. सोसायटीच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. कमिटी पाच वर्षांनी बदलते, कॉम्प्युटर त्याआधी. पुनर्विकासाची चर्चा निघाली की वीस वर्षांपूर्वीचे ठराव लागतात. माझ्याकडे एक मॅडम जुन्या सभांची इतिवृत्तं घेऊन आल्या होत्या, सगळी अशा एका जुन्या फॉन्टात ज्याची सीडी आणि डोंगल कुठे गेलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ती पानं आम्ही दोघींनी कागदावरून पाहून पुन्हा टाइप केली, संध्याकाळच्या संध्याकाळ बसून.

छपाईला मात्र ओडीटीही नको आणि डॉकएक्सही नको, पीडीएफ द्या. पीडीएफ एक्स्पोर्ट करताना पहिल्याच पानावर 'हायब्रिड पीडीएफ' असा पर्याय आहे. त्यावर टिक केली की पीडीएफच्या पोटात मूळ ओडीएफ फाइलही जाते. दुकानदाराला ती साधी पीडीएफ दिसते, अक्षर हलत नाही, आणि तीच फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की संपादन करता येतं. सेक्रेटरी काकांना मी हेच शिकवलं. यंदा त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकच फाइल पाठवली आणि खाली लिहिलं, "ताळेबंद ७ वर आहे, बघून घे." होता.

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. सभासदांची यादी सीएसव्ही फाइलीतून कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या एक्सेलसारख्या भागात, आणताना नावं विचित्र दिसली तर उघडताना येणाऱ्या चौकटीत अक्षरसंच युटीएफ-८ निवडा. आणि सेटिंग्ज करूनही दर वेळी पुसली जात असतील, तर हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू करून यूझर प्रोफाइल पूर्ववत करा, पण त्याआधी आपली टेम्प्लेट दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

नव्या कॉम्प्युटरवर किंवा नव्या फॉन्टात काम सुरू करण्याआधी मी एक ओळ टाइप करते, साधी आणि खाली तीच ठळक, आणि कागदावर छापून बघते: कर्तृत्व, सर्वांची, मूर्ती, बुद्धी, राष्ट्रीय, हृदय, दुसऱ्या, कुऱ्हाड, लक्ष, शाळा. रफार कापला गेला, ऋकार खालच्या ओळीला टेकला, ल-श बदलले किंवा ठळक ओळ साधीच आली, तर ते त्या एका कागदावर कळतं. मग ८४ प्रतींचं बटण दाबायचं.